सावळदेशाच्या अक्का

कोल्हापूर जिल्ह्यात जितकी माणसं राहतात त्याहून जास्त माणसं माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या डोक्यात राहतात, आणि त्यांतल्या एकालाही त्या रिकामं बसू देत नाहीत. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो. त्यांचं माहेर गडहिंग्लजच्याही पलीकडं, जिथं एका भिंतीला मराठी आणि दुसऱ्या भिंतीला कानडी ऐकू येते. त्यामुळं त्या मला 'तंगेव्वा' म्हणतात, म्हणजे धाकटी बहीण. मी एका हायस्कूलची मुख्याध्यापिका आहे. गणित शिकवते. मी व्हरांड्यात आले की पाचवीपासून दहावीपर्यंतचे वर्ग गप्प होतात. त्याच व्हरांड्याच्या टोकाला उभं राहून अक्का मोठ्यानं विचारतात, "तंगेव्वा, च्या झाला का न्हाय अजून?" वर्षभर कमावलेला दरारा एका चहात विरघळतो. पण अक्कांना काही बोलायची सोय नाही, कारण त्या खरोखरच चहाची चौकशी करत असतात.

अक्का कादंबऱ्या लिहितात. त्यांत सासू-सुना नसतात, शेताचे वाद नसतात, खून झालेला सावकारही नसतो. त्यांनी सावळदेश नावाचा एक अख्खा देश तयार केलाय आणि गेली कित्येक वर्षं त्या तिथला कारभार बघतायत. सावळदेशात माणसाची सावली त्याच्या मालकीची नसते, ती त्याच्याकडं राहायला आलेली असते. पटलं नाही तर ती दुसरीकडं बिऱ्हाड करू शकते. तिथल्या राणीचं नाव कुर्डू, सेनापतीचं लव्हाळा, आणि दुष्ट सरदाराचं हराळी, कारण तो इथं उपटला की तिथं उगवतो. शेतातल्या तणांची नावं का घेतली असं मी एकदा विचारलं. अक्का म्हणाल्या, "देवाची नावं दिली तर गाव भांडतंय, माणसाची दिली तर भावकी भांडती. तणाला कोण हाय?"

लिहायला त्या स्वयंपाकघरातच बसतात, पाटावर, समोर उलटी ठेवलेली पितळी परात, तिच्यावर कागद. आमच्या थोरल्या दिरांना जेवायचं असलं तरी आधी आत काय चाललंय याचा अंदाज घ्यावा लागतो. एकदा त्यांनी वाढ म्हटल्यावर अक्का मान वर न करता म्हणाल्या, "जरा दम धरा, किल्ला पडाय लागलाय." दीर बिचारे उंबऱ्यावर बसून राहिले. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "पडला काय?" "न्हाय, तगला." "मग वाढ की." अशा रीतीनं त्या घरात दोन्ही देश सुखानं नांदतात.

या देशाचे कायदे फार कडक आहेत. त्यांच्या बाबतीत अक्का कुणाचं ऐकत नाहीत, स्वतःचंही नाही. पहिला कायदा असा की फुकटची जादू नाही. जादू केली की करणाऱ्याची सावली बोटभर आखडते, मग ती राणीची असो की चेटकिणीची. दुसरा कायदा असा की भर दुपारी, सूर्य डोक्यावर असताना, सावली पायाखाली झोपते, आणि तिची झोप मोडेल असं काही करायचं नाही. शपथ नाही, करार नाही, लग्न नाही. तिसरा कायदा आमंत्रणाचा. आमंत्रण मिळालं की जायचं. बोलावूनही कुणी आलं नाही, तर बोलावणाऱ्याची सावली त्याला सोडून जाते. एकदा कुर्डू राणी शत्रूच्या वेढ्यातून सुटण्यासाठी भर दुपारी तह करते असा छान प्रसंग अक्कांनी लिहून ठेवला होता. नंतर त्यांच्या लक्षात आलं की दुपारी करार चालत नाही. त्यांनी अख्खं प्रकरण चुलीत घातलं. मी म्हटलं, "अहो, तुमचाच कायदा आहे, बदला की." त्यांनी माझ्याकडं अशी नजर टाकली, जणू मी कॉपी करताना सापडले होते. "मी मोडला तर मग पाळंल कोण?" असं म्हणून त्यांनी राणीला आणखी दोन प्रकरणं वेढ्यात उपाशी ठेवलं.

हे सगळं त्या आधी आमच्यावर तपासून बघतात. सावली कधी किती लांब पडते हे नक्की करायला माझ्या नवऱ्याला गच्चीवर उभं करून खडूनं फरशीवर रेघा मारल्या होत्या. त्या दिवशी त्याला ऊन लागलं आणि पुस्तकात हराळी सरदाराला ज्वर आला. आलेल्या पाहुण्यांना पाणी द्यायच्या आधी त्या विचारतात, "पावणं, तुमची सावली रुसली तर काय करशीला?" माझ्या पुतणीला, म्हणजे अक्कांच्याच मुलीला, बघायला आलेल्या पहिल्या मुलालाही त्यांनी हाच प्रश्न टाकला. पगारही चांगला, शेतीही बागायत. त्यानं हसून वडिलांकडं बघितलं. पाहुणे गेल्यावर अक्कांनी निकाल दिला, "सावली गेली तरी हा बापालाच विचारणार." दुसऱ्या मुलानं मात्र कांदेपोह्यांची बशी खाली ठेवली, जरा विचार केला आणि म्हणाला, "तिच्यामागं पळणार न्हाय मी. दिवा पेटवून माझ्या पाठीमागं ठेवीन. आपसूक समोर येती की न्हाय बघा." अक्कांनी तिथंच गूळ वाटला. आज तो आमचा जावई आहे, आणि संसारातल्या कुठल्याही अडचणीत तो कशाच्याही मागं पळत नाही, दिवा कुठं ठेवायचा तेवढंच बघतो. योगायोग असेल. मी गणिताची बाई आहे, एका उदाहरणावरून नियम काढत नाही.

अक्कांचं पुस्तक कुणी प्रकाशक छापत नाही. सुरुवातीला त्यांनी हस्तलिखितं पुण्याला पाठवली होती. ती परत आली. एकानं कळवलं की यात वास्तव नाही. अक्का म्हणाल्या, "वास्तव पायजे तर खिडकीतनं बघ की बाबा, पुस्तक कशाला छापतोस?" त्यानंतर त्यांनी कुणाला काही पाठवलं नाही. त्या सरळ दिलावरभाईंकडं गेल्या. दिलावरभाईंचा छापखाना लग्नपत्रिकांचा. वडिलांपासून तोच धंदा. त्यामुळं अक्कांची पुस्तकं पत्रिकांच्या उरलेल्या कागदांवर छापली जातात. लढाई पिवळ्यावर, विरह गुलाबीवर, आणि एक अख्खं युद्धपर्व अत्तराचा वास येणाऱ्या कागदावर निघालं होतं. पहिल्या पुस्तकाच्या वेळी दिलावरभाईंनी फार आपुलकीनं विचारलं होतं, "अक्का, वर गणपती टाकू काय? आपल्याकडं लई देखणा हाय, उंदरासकट." अक्का म्हणाल्या, "सावळदेशात अजून देव आलं न्हाईत." यावर दिलावरभाईंनी जरा काळजीनं विचारलं, "मग ती माणसं सुरुवात कशी करत्यात ओ?" हा प्रश्न अक्कांना इतका आवडला की त्यावर त्यांनी दुसरं पुस्तक लिहिलं.

विक्रीचं तंत्रही त्यांचंच. लग्नात आहेर म्हणून पाकीट नाही, सावळदेश. गडहिंग्लजच्या बाजारात मिरचीवालीच्या शेजारी बसून त्या पुस्तकं विकतात, आणि मिरचीवालीला घाई असली तर तिच्या मिरच्याही विकतात. एका हंगामात नातेवाइकांकडं बिद्रीला गेल्या असताना त्यांनी कारखान्यासमोर उसाच्या गाड्यांची लांबच लांब रांग बघितली. गाडीवान कंटाळून आडवे झालेले. अक्का एका गाडीच्या जुवाला टेकून उभ्या राहिल्या आणि त्यांनी हराळीचा पहिला हल्ला वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी त्या तिथून जात असताना रांगेतून हाक आली, "ओ मावशी, त्या लव्हाळ्याचं काय झालं? मेला का काय?" नंबर लागलेला असूनही एकानं गाडी बाजूला घेऊन मागच्याला पुढं जाऊ दिलं म्हणे, प्रकरण संपेपर्यंत. हे मी ऐकलेलं सांगते. पण उसाच्या रांगेत नंबर सोडणं म्हणजे काय, हे ज्याला कळतं त्याला माझ्या अक्का कळतील.

अक्का शाळेत आल्या त्या माझ्याच गरजेनं. शनिवारचा शेवटचा तास मोकळा होता, शिक्षक मिळत नव्हता, आणि मोकळा वर्ग म्हणजे काय असतं हे मुख्याध्यापकालाच माहीत. म्हटलं, अक्का गोष्टी सांगतील, पोरं खिडक्यांना लटकणार नाहीत. एवढाच हिशेब होता. पहिल्याच शनिवारी सातवीच्या वर्गात त्यांनी सावळदेशाचे तीन कायदे फळ्यावर लिहिले आणि खाली बसल्या. म्हणाल्या, "आता मला सांगा, ह्या देशात चोरी कशी करायची?" मी दाराबाहेर उभी होते. मी तास थांबवायला पुढं झाले. पण वर्ग पेटला होता. एक जण म्हणाला, दुपारी करायची, सावली झोपलेली असती. दुसरा म्हणाला, मग पळताना तिला उठवावं लागंल. एकीनं विचारलं, चोराला कुणी आमंत्रण दिलं तर? ही समिना. एरवी हजेरीलासुद्धा तोंडातल्या तोंडात 'हजर' म्हणणारी, बेकरीवाल्यांची मुलगी. त्या दिवशी तिचा आवाज मला पहिल्यांदा दाराबाहेर ऐकू आला.

महिन्याभरात स्टाफरूममध्ये तक्रारी यायला लागल्या, आणि त्या तक्रारी ऐकून मी थक्क होत गेले. इतिहासाचे सर म्हणाले, "सातवीची पोरं विचारतात, हरलेल्यांनी लिहिलेलं पुस्तक कुठं मिळतं." नागरिकशास्त्राच्या बाई म्हणाल्या, "हा कायदा मोडला तर कुणाचं काय जातं, असं विचारतात. कायदा पाठ करायचा सोडून!" माझ्या तासाला भूमितीचं एक प्रमेय चाललं होतं. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "बाई, हे आपल्याला दिलंय, का आपण धरून चाललोय?" इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. प्रमेयाचा जीव याच प्रश्नात असतो. मी तो शिकवून शिकवून थकले होते आणि तो एका खोट्या देशातून फिरून माझ्या वर्गात आला होता.

मग चौथं पुस्तक आलं आणि सगळं अंगावर आलं.

चौथ्या पुस्तकाच्या शेवटी कुर्डू राणी लव्हाळ्याशी लग्न करायचं ठरवते आणि साऱ्या देशाला बोलावणं धाडते. तिथं पुस्तक संपतं. लग्न कुठं, कधी, ते अक्कांनी पाचव्या भागासाठी राखून ठेवलं होतं. पण मजकूर दिलावरभाईंच्या हातात पडला तो ऐन लग्नसराईत. त्यांनी शेवटचं पान वाचलं आणि त्यांच्या जिवाची घालमेल झाली. लग्न आहे, बोलावणं आहे, आणि स्थळ नाही? मुहूर्त नाही? बापजाद्यांपासून त्या छापखान्यातून स्थळाशिवाय बोलावणं बाहेर पडलं नव्हतं. अक्का विसरल्या असणार, अशी त्यांनी समजूत करून घेतली. अक्कांना विचारण्यासाठी फोन लावला, तर अक्का फोन उचलत नाहीत, लढाई चालू असते. शेवटी समोर जी पत्रिका छापायला लागली होती तिच्यातलं स्थळ, वार आणि मुहूर्त त्यांनी उचलून कुर्डूच्या लग्नाला लावला. कागलचं मंगल कार्यालय, येता रविवार, दुपारी साडेबारा. आणि काही कमी राहू नये म्हणून खाली नेहमीची ओळ, "आमच्या कुर्डूताईच्या लग्नाला नक्की यायचं हं!"

छापलेलं पुस्तक अक्का कधी उघडत नाहीत. पेरलेलं बी उकरून बघायचं नसतं, हे त्यांचं म्हणणं. शनिवारी त्यांनी पुस्तकं वर्गात वाटली. रविवारी सकाळी माझ्या फोनवर एका आईचा फोन आला, पोरगं घरात नाही. मग दुसरीचा. मग तिसरीचा. मी घाबरत नाही सहसा. त्या दिवशी सातवीचा हजेरीपट काढून एकेका घरी फोन लावत सुटले. अकराच्या सुमाराला एका अनोळखी बाईचा फोन आला. मागं सनईची कॅसेट वाजत होती. "शाळंच्या बाई काय? तुमची पोरं हितं आमच्याकडं हाईत, कागलात. समदी चांगली हाईत. जेवाय बसवू काय, का थांबू तुमच्यासाठी?"

मी स्कूटर काढली. अक्का न विचारता मागं बसल्या. हायवेवर त्या एकदाच बोलल्या, "जरा हळू, तंगेव्वा, पोरं काय पळून जात न्हाईत आता." मी स्कूटर आणखी दामटली. बोलले असते तर ते जावेला शोभलं नसतं.

कार्यालयात शिरलो आणि मी जागीच थबकले. नवऱ्या मुलाकडची बाजू गच्च भरलेली. मुलीकडच्या बाजूला रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा, आणि पहिल्या दोन रांगांत आमची सातवी, शाळेच्या गणवेशात, केस पाण्यानं चापून बसवलेले. आमंत्रण शाळेत मिळालं म्हणून गणवेश. समिनाच्या मांडीवर घरून आणलेल्या खारीचा पुडा, आहेर म्हणून. नवरीची आई आमच्याकडं आली. विधवा बाई, एकटी सगळं बघणारी. तिनं जे सांगितलं ते कोल्हापुरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पत्रिकेत थोरल्या चुलत्याचं नाव धाकट्याच्या खाली आलं, चुलता रुसला, आणि त्याच्यामागं सगळी भावकी घरात बसली. "मुलीकडचं कोण हाय का, असं त्या लोकांनी दोनदा इचारलं हो. मी काय सांगू? आन् तेवढ्यात ही पोरं दारातनं आली. ही बारकी म्हणली, आमाला बोलावणं हाय, आमी मुलीकडचं." असं म्हणून तिनं पदर डोळ्याला लावला. अक्का तिच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग त्या मुलीकडच्या पहिल्या रांगेत जाऊन बसल्या, आणि मलाही बसावं लागलं. अक्षता पोरांनीच जास्त टाकल्या. जेवण झाल्यावर मी सगळ्यांना एसटीत कोंबलं आणि बस सुटेपर्यंत एकेकाला जे काही बोलले, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पण प्रकरण तिथं मिटणारं नव्हतं. पालक चिडले होते, आणि त्यांचं चुकत नव्हतं. पोरं घरी न सांगता हायवेनं दुसऱ्या गावाला गेली होती. काही झालं असतं तर? संस्थेच्या अध्यक्षांनी शाळेत बैठक बोलावली, पालकांची, पोरांची आणि दिलावरभाईंचीही. अध्यक्ष म्हणजे तोंडानं फटकळ, मनानं सरळ, ऊसवाला माणूस. ठरवायचं एकच होतं, अक्कांचा शनिवारचा तास चालू ठेवायचा की बंद करायचा. मी मनाशी बंदच धरून गेले होते. अक्कांना घरी काही बोलले नव्हते, पण त्यांना कळलं होतं. सकाळी त्यांनी परात उलटी केली नव्हती, नुसतीच पुसत बसल्या होत्या.

"अक्का, तुमच्याबद्दल आमाला आदर हाय," अध्यक्षांनी सुरुवात केली. "पण पोरं आज कागलला गेली, उद्या तुमच्या त्या सावळदेशाला जायाला निघाली तर एसटी कुठली धरायची?" सगळे हसले. अक्का हसल्या नाहीत. म्हणाल्या, "शेवटचं पान मी बघाय पायजे होतं. चूक माझी हाय." दिलावरभाई मागं उभे होते, ते म्हणाले, "न्हाय, माझी." अध्यक्ष म्हणाले, "चूक कुणाची ते ऱ्हाऊ द्या. पोरांना खरं-खोटं कळेना झालंय, हे खरं हाय का न्हाय?" आणि त्यांनी समिनाला पुढं बोलावलं. "काय गं, पुस्तकातल्या राणीचं लगीन कागलात असतंय व्हय? एवढं कळंना तुला?"

समिना उभी राहिली. मला वाटलं रडेल.

"कळलंतं की," ती म्हणाली. "साडेबाराचा मुहूर्त होता. सावळदेशात दुपारचं लगीन होत न्हाय. म्हणजे राणीचं न्हवंच ते. छापताना दुसऱ्या कुणाचं तरी आलंय, हे आमी शनवारीच वळखलंतं."

"मग गेला कशाला?" अध्यक्षांचा आवाज उतरला होता.

"बोलावणं चुकून आलं, पण लगीन तर खरं कुणाचं तरी असणार की. आमी वर्गात बोललो. गेलो आन् लगीन नसलं, तर निस्ती एक चक्कर. न्हाय गेलो आन् असलं, आन् तिकडं कोणच आलं नसलं, तर?" ती थांबली. "ते जाऊन बघितल्याशिवाय कसं कळणार?"

"घरात विचारायचं सोडून?"

"घरात न्हाय म्हणलं असतं."

यावर तिचे वडील मागून "व्हय, म्हणलोच असतो," असं बोलून गेले.

अध्यक्षांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. तोडगा काढायची त्यांची ती पद्धत. "तास चालू ठिवू," ते म्हणाले, "पण अक्का, गोष्टी खऱ्या सांगा. थोर माणसं हाईत, शास्त्रज्ञ हाईत. हे सावलीबिवली नको." सगळ्यांनी माना डोलावल्या. वाट सोपी होती. अक्कांनी फक्त बरं म्हणायचं होतं. त्या हळूच उठल्या आणि म्हणाल्या, "खरं सांगाय तुमी इतकी माणसं हाईसा की. मला तेवढं खोटंच नीट येतं." त्यांनी पिशवी उचलली. त्या दाराकडं निघाल्या.

"तुमी गणिताच्या बाई," अध्यक्ष माझ्याकडं वळले. "तुमाला तरी हे पटतंय काय?"

मी तयारी केली नव्हती. जे तोंडात आलं ते बोलले. "साहेब, मी रोज फळ्यावर पहिला शब्द 'समजा' लिहिते. समजा एका टाकीला दोन नळ आहेत. समजा एक आगगाडी अमुक वेगानं निघाली. ती टाकी कुणी बघितलीय? त्या गाडीत कोण बसलंय? शाळा सुरू झाल्यापासून आपण पोरांना नसलेल्या टाक्या भरायला लावतो, आणि कुणी तक्रार करत नाही. अक्कांची टाकी जरा मोठी आहे, एवढंच. बंद करायचं तर दोन्ही बंद करा. मग सोमवारपासून मी वर्गात काय शिकवू, तेवढं लिहून द्या."

अध्यक्षांनी टोपी उचलून झटकली. मग त्यांनी ती डोक्यावर ठेवली. "तास ऱ्हाऊ दे," ते म्हणाले, "जसा हाय तसा. आन् पोरांनो, पुढच्या लग्नाला घरी सांगून जावा. न्हाय म्हणलं तर मला फोन करा." मग दिलावरभाईंकडं बघून म्हणाले, "आन् तुमी, भाई, दुसऱ्याचं लगीन लावू नगासा."

परत येताना अक्का माझ्या स्कूटरवर मागं बसल्या. घराशी उतरल्यावर म्हणाल्या, "तंगेव्वा, तुझी ती आगगाडी कुठं निघालीया गं, कधी सांगत न्हाईस तू." मी म्हटलं, ते आमच्या विषयात येत नाही. "यायला पायजे," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

तेव्हापासून शनिवार चालू आहे. समिना आता दहावीत आहे. सातवीतल्या त्या पोरांनी स्वतः होऊन खालच्या वर्गांना सावळदेश शिकवायला सुरुवात केली. कायदे आता पुष्कळ झालेत, काही अक्कांचे, बरेचसे पोरांचे. समुद्रापलीकडं कुणीतरी एक नवं राज्य वसवलंय, जिथं सावल्याच माणसं पाळतात. अक्का आता प्रश्न विचारत नाहीत. खिडकीशी, शेवटच्या बाकावर बसतात, हात मांडीवर ठेवून, आणि पोरं भांडत असतात ते ऐकतात. पाचवा भाग अजून झालेला नाही. मी विचारलं की म्हणतात, "थांब की, अजून ठरंना झालंय त्यांचं."

गेल्या जूनमध्ये पाचवीला एक नवी मुलगी आली. पहिल्याच शनिवारी तिनं मागं वळून अक्कांकडं बघितलं आणि समिनाला विचारलं, "ह्या आजी कोण हाईत गं?" समिना फळ्यावर समुद्राचा किनारा काढत होती. वळूनही न बघता ती म्हणाली, "त्या व्हय? त्या पण आपल्यासारख्याच. ऐकाय येत्यात."

मी दारात होते. मला ते सुधारावंसं वाटलं. मी तोंडही उघडलं होतं. पण अक्कांनी बसल्या जागेवरूनच मला बोटानं गप्प केलं, अख्ख्या वर्गासमोर, मुख्याध्यापिकेला, आणि त्या जरा पुढं सरकून बसल्या, फळा नीट दिसावा म्हणून.